दोन सह्यांचा कागद

सत्यभामेला आमच्या वस्तीत कोणी चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ती होतीही तशीच. तोंडानं फटकळ, पैशाला चिकट, आणि कोणी सल्ला विचारायला गेलं तर आधी त्याचा पाणउतारा करणारी. तरीही हातात चार पैसे आले की बाया तिच्याच दारात जात आणि शिव्या देत परत येत. मी इथे तिची बाजू घ्यायला बसलेली नाही. जे झालं ते सांगते.

नेरपासून कोसभरावर आमचं गाव. आमच्या वस्तीत एका अंगणात समोरासमोर दोन घरं होती, मारोतीचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, श्रावणचं. श्रावण तापानं गेला तेव्हा त्याची बायको सत्यभामा ऐन तरुण होती आणि पदरात विमल नावाची एक पोरगी होती. सत्यभामा चौथी शिकलेली. नेरच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशिनीवर कापूस टाकायला जायची. मारोती तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्याशी बाईनं तोंडानं बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. काही सांगायचं तर मधल्या माणसाकरवी. मधलं माणूस म्हणजे मारोतीची बायको, कांताबाई. ती घरात नसली तर सत्यभामा दारातल्या बकरीला सांगायची आणि मारोतीही बकरीलाच उत्तर द्यायचा. बौद्ध दीक्षेनंतर पुष्कळ रीती सुटल्या. ही मात्र या दोघांनी सोडली नाही. भांडायला ती सोयीची होती.

भांडणाची सुरुवात नदीवर झाली.

छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीनं भंतेजींना बोलावून त्रिशरण-पंचशील घेतलं. दुसऱ्या दिवशी घराघरातले देव गोळा करून लोक डोहाकडे निघाले. कोणाचे दगडाचे, कोणाचे पितळेचे. मारोतीच्या घरचे टाक मात्र चांदीचे होते. त्यांच्या आजानं कधीतरी करवलेले. शिवाय सासू मरताना तिचे कडे, वाळे, कमरेची साखळी, सगळं देवाच्या पाटावर ठेवून गेली होती. मारोती ते सगळं ताटात घेऊन पाण्यात उतरला, तशी सत्यभामा काठावरून कांताबाईला म्हणाली, "बाई, त्याईले इचारा, देव सोडाचे हायेत का चांदी सोडाची हाय?"

सगळे थांबले. वस्तीतला उकंडा म्हातारा हसून म्हणाला, "घ्या. हे तर देव विकाले निघाली."

मारोतीनं मागे न पाहता बायकोला सांगितलं, "सांग तिले. जे देव आपन मानत नाई, त्याईचा पैसा घरात आनाचा नाई."

"मानत नाई तर मंग देव कुठी रायला?" सत्यभामा म्हणाली. "चांदीच रायली. का त्याईले अजून भेव वाटून राह्यलं?"

हे ती साऱ्या वस्तीसमोर बोलली. बाया पदरात तोंड घालून हसल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तू अजून देवाला भितोस असं म्हटल्यावर तो काय करणार? टाकलं तर भ्याला, नाही टाकलं तर बायकांचं ऐकलं.  काठावर येऊन मारोतीनं ताट तिच्या पायाशी आदळलं. "इक म्हना. भेत नाई मी. पन अर्धं माह्यं."

त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यानं तिला माफ केलं नाही.

नेरच्या सोनारानं चांदी घेतली. शंभराच्या थोडे वर आले. आता वस्तीतली तोंडं सुटली. कोणी म्हणे देवाची चांदी पचत नाही, कोणी म्हणे देव सोडला आणि त्याचं मोल धरून बसले, म्हणजे यांची दीक्षा खोटी. दोन्ही बाजूंनी मारोतीलाच ऐकावं लागे, कारण बाईच्या तोंडाला कोणी लागत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात जिनात अल्पबचतीचा एक माणूस येऊन गेला होता. सरकार बारा वर्षांचे कागद विकतं, आज शंभर भरले तर बारा वर्षांनी दीडशेच्या वर मिळतात, असं त्यानं मजुरांना सांगितलं. मजूर विडी ओढायला निघून गेले. सत्यभामा एकटी थांबून विचारत बसली. बुडाले तर कोणाला धरायचं, मधेच काढले तर किती कटतात, माणूस मेलं तर कोणाला मिळतात. घरी येऊन तिनं कांताबाईमार्फत निरोप दिला, शंभर तोडू नका, कागद घेऊ. मारोतीच्या पोराच्या आणि विमलच्या नावानं राहतील, आणि चांदी खाल्ली म्हणणाऱ्यांची तोंडंही बंद होतील.

मारोतीला हे दुसरं पटलं. पण तो म्हणाला, "तिच्या एकटीच्या नावानं नाई. दोघाइच्या सह्याबिगर एक पैसा निघाला नाई पाह्यजे. माह्या मांगं काढून घेईन ते."

"लिवून घ्या म्हना तसंच," सत्यभामा म्हणाली.

अट त्याची होती, हे लक्षात ठेवा. पोस्टातल्या बाबूनं दोनदा सांगितलं, एकाच्या सहीनं निघेल असाही कागद मिळतो, तो घ्या, पुढे सोयीचं जातं. दोघांनीही ऐकलं नाही. विमल तेव्हा सहा वर्षांची, शाळेत नुकतीच घातलेली. मॅट्रिक होईल त्या सुमाराला कागद पिकेल, तेव्हा तिला बाहेर शिकायला पाठवायचं, हा सत्यभामेचा हिशेब. मारोतीचा हिशेब एवढाच की तिला एकटीला मिळू नये. कागद सत्यभामेच्या पेटीत ठेवला आणि पेटीची किल्ली कांताबाईच्या कमरेला.

पैशाचं सत्यभामेचं असं होतं की ती आधी पैशाला तारीख लावायची. येत्या साली लागणारा पैसा पोस्टाच्या पुस्तकात, कारण तो केव्हाही काढता येतो. चार-पाच वर्षांनी लागणारा पैसा बकऱ्यांत. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या रुपीबाईकडे ती बकऱ्या बटईनं द्यायची. बकरी हिची, चारणं-राखणं रुपीबाईचं, पिल्लं अर्धी-अर्धी. त्यावर विमलच्या मोठ्या शाळेचा खर्च काढायचा होता. आणि ज्याच्याकडे बारा वर्षं पाहायचंच नाही, तेवढाच पैसा कागदात. हे तिनं कोणाला गोडीनं शिकवलं असतं तर लोकांनी तिला मान दिला असता. पण ती गोडीनं बोलणारी नव्हती.

एकदा इंदूबाई म्हैस विकलेल्या पैशाची गाठ घेऊन आली. म्हणाली, "मलेबी तुह्यावानी कागद घेऊन दे."

"कवा पाह्यजे हे पैसे?"

"पोट्टीचं लग्न हाय नं."

"कवा हाय लग्न?"

"पुढच्या उन्हायात."

"मंग कागद कायले घेतं? चुलीत घालाले? उन्हायात मोडशीन तं काई मियनार नाई. पोस्टात ठेव नाईतर मडक्यात ठेव. अक्कल हाय का नाई?"

इंदूबाई तणतणत गेली आणि वस्तीभर सांगत सुटली की सत्यभामेला वाटतं कागद फक्त तिच्याच नशिबात असावा, दुसऱ्याचं भलं तिला पाहवत नाही. पैसे मात्र तिनं पोस्टातच ठेवले. लग्न त्यातून झालं. लग्नाचं बोलावणं सत्यभामेला आलं नाही.

"बोलवत नाई तं नको बोलावू," ती बकरीला म्हणाली. "जेवाले गेलं का अहेर लागते."

दर रविवारी वस्तीत वंदना व्हायची. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. वैरानं वैर शमत नाही असं आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. मारोतीचा आवाज मोठा होता आणि सत्यभामेचा स्पष्ट. मी डोळे मिटून ऐकायचे आणि मनाला बरं वाटायचं. मग आम्ही बाहेर निघालो की चपला घालता घालताच या दोघांचं सुरू व्हायचं.

बासष्टच्या सुमाराला गावात पिठाची चक्की टाकायची टूम निघाली. तेलाच्या इंजिनावर चालणारी. चार भागीदार जमले, मारोतीला पाचवा व्हायचं होतं. त्याच्याजवळ एक बैल आणि अर्धा कागद. त्यानं कांताबाईला सकाळीच अंगणापार पाठवलं.

"ते म्हणते, सही दे," कांताबाई म्हणाली. "चक्कीत दोन वर्षात दुप्पट होते म्हणते."

"दुप्पट होते म्हनून कोन म्हणते?"

"चक्कीवालेच."

"मंग त्याईले म्हना, जो इकते त्यालेच इचारून माल घेता का?"

कांताबाई परत गेली. तिकडून मारोतीचा आवाज आला, बकरीला उद्देशून, "कायी नागीन होऊन बसली धनावर. नवरा खाल्ला, आता भासऱ्याचं खाते."

हे बोलणं लागणारं होतं. सत्यभामा आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन बकरीपुढे पाला टाकत म्हणाली, "तुले सांगतो वं, त्या इंजनाले पाच मालक अन् हाकाले येक नाई. बिघडलं तं कोन दुरुस्त करनार? बैल इकून त्यात घातला तं बैलही जाईन."

मारोतीनं मुद्दाम बैल विकला. तिनं नको म्हटलं म्हणून. चक्की दीड वर्ष चालली, मग इंजिन बसलं आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर पाची भागीदार एकमेकांच्या दारात जाऊन भांडले. मारोतीला दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जावं लागलं. तो म्हणायचा, तिनं सही दिली असती तर नवं इंजिन आलं असतं. वस्तीतल्या निम्म्या लोकांना ते पटलं. चक्की बंद पडल्यानं बायांना पुन्हा जात्यावर बसावं लागलं आणि जात्यावर बसून त्या सत्यभामेच्या नावानं बोटं मोडायच्या. चक्की तिनं बंद पाडली असंच पुढे सांगितलं जाऊ लागलं.

इथपर्यंत सत्यभामा खरी ठरत गेली. त्यामुळे ती जास्तच असह्य झाली होती. मग ती चुकली.

चार-पाच वर्षांत तिच्या बकऱ्या वाढल्या होत्या. रुपीबाई प्रामाणिक बाई. कपाळापर्यंत चांदी घातलेली, आपल्या गोर बोलीत बकऱ्यांना हाका मारायची. वर्षातून एकदा येऊन पिल्लांची वाटणी चोख करून जायची. तीच एकदा म्हणाली होती, "बाई, दोन मले दे, दोन दुसऱ्याच्या कळपात टाक. रोग आला तर कळपच्या कळप जाते." सत्यभामेनं ऐकलं नाही. दुसऱ्या बटईवाल्यावर तिचा विश्वास नव्हता. विश्वास तिचा कोणावरच नसायचा, रुपीबाईवर तेवढा बसला होता, म्हणून दारातली एक सोडून तिनं सगळ्या बकऱ्या तिच्याच कळपात घातल्या. दुसऱ्याला तिनं असं करू दिलं नसतं.

पासष्टच्या साली पाऊस दगा देऊन गेला. कापूस आला नाही म्हणून जिनही लवकर बंद झालं. त्या हिवाळ्यात तांड्यावर रोग आला आणि आठवड्याभरात रुपीबाईचा कळप बसला. ती सांगायला आली तेव्हा रडत होती. तिच्या स्वतःच्याही गेल्या होत्या. सत्यभामेनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "तू सांगतलं होतं. मी मूर्ख." एवढंच.

पोस्टाच्या पुस्तकातले पैसे खाण्यात संपले. विमल नेरच्या शाळेत नववीत होती. फी, पुस्तकं, कपडे, सगळं बकऱ्यांवर ठरलेलं. आता उरला फक्त कागद. मुदतीआधी मोडला तर व्याज फार कटणार होतं, पण पोरगी शाळेत राहिली असती.

एका दुपारी सत्यभामा अंगण ओलांडून मारोतीच्या दारात गेली. नदीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा. उंबऱ्याबाहेर पदर ओढून बसली. मारोती आत पाटावर जेवत होता. कांताबाई दोघांच्या मधे उभी.

"बाई, त्याईले म्हना, सही पाह्यजे. अर्धे त्याईचे त्याईले घेऊ द्या. पोरगी शाळेतून काढा लागन नाईतर."

मारोतीनं घास खाल्ला. सावकाश पाणी प्यायला. असा दिवस यावा म्हणून तो इतकी वर्षं थांबला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, असं कांताबाई पुढे सांगायची.

"तिले सांग," तो म्हणाला, "बारा वर्षं कोन म्हनलं होतं? मले बैल इकाले लावला तवा सही देल्ली नाई. आता बारा वर्षं म्हंजे बारा वर्षं."

"पोरगी तुमच्याच भावाची हाय," कांताबाई स्वतःहून म्हणाली.

"तुले कोन इचारलं?"

सत्यभामा उठली. तिनं विनवणी केली नाही. घरी येऊन विमलचं दप्तर खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. विमलचं एक वर्ष गेलं. हाताला घट्टे पडले. ती मला म्हणाली होती, "मोठ्या बाबाले मी मेली तरी काही वाटणार नाही." मोठे बाबा म्हणजे मारोती. मी तिला वंदनेत म्हणतो ते सांगायला गेले, तर तिनं घट्टे पडलेले हात माझ्यापुढे धरले.

पुढल्या साली पाऊस बरा झाला, जिन चालू झालं, सत्यभामेनं तिला पुन्हा शाळेत घातलं. यावेळी दोन बकऱ्या घेतल्या त्या दोन घरी दिल्या. सत्तराच्या अलीकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे एकोणसत्तर साली, विमल मॅट्रिक झाली. अमरावतीला नर्सच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं. पहिल्या महिन्यांचा खर्च, पांढरे कपडे, पेटी, सगळ्याला पैसा हवा होता, आणि त्याच पावसाळ्यात कागद पिकला.

दोघं नेरला निघाले. मारोती पुढे, सत्यभामा मागे, मधे हाक पोचणार नाही एवढं अंतर. कांताबाई आणि विमल तिसऱ्या. पोस्टात नवीन बाबू होता. त्यानं कागद उलटून पाहिला आणि म्हणाला, "बारा वर्षं कोणी हात लावला नाही? आमच्याकडे लोक दोन वर्षांत मोडून नेतात."

 मारोतीनं सही केली, सत्यभामेनं केली. मारोतीनं आपला अर्धा हिस्सा नव्या पैशापर्यंत मोजून घेतला. मग तिथेच खिडकीशी उभा राहून बाबूला म्हणाला, "याच्यातले पन्नास परत ठेवाचे हायेत. नातनीसाठी. ते आता रांगून राह्यली."

"कोणाच्या नावावर?"

"माह्या येकट्याच्या." हे त्यानं मोठ्यानं, मागे ऐकू जाईल असं सांगितलं. "दुसऱ्याची सही नाई पाह्यजे."

सत्यभामेचा हिस्सा आणि दोन घरच्या बकऱ्यांची पिल्लं विकून आलेले पैसे मिळून विमलचं भागत होतं. कसंबसं, पण भागत होतं. कापडाच्या दुकानाकडे जाताना विमल म्हणाली, "माय, तवा मोठ्या बाबानं सही देल्ली असती तं आज काय असतं आपल्याजवळ?"

 सत्यभामा चालता चालता म्हणाली, "काई नसतं. शाळेतच संपले असते."

"म्हंजे त्याईच्यामुळंच..."

"त्यानं माह्या पोरीसाठी नाई केलं. मले जाळाले केलं. अन् तू हे त्याले सांगशीन तं याद राख."

विमलनं सांगितलं नाही. मागून चालणाऱ्या कांताबाईनं ऐकलं होतं, तिनं घरी जाऊन सांगितलं. मारोती ओट्यावर पाय पसरून बसला होता. थोडा विचार करून म्हणाला, "मले माईतच होतं. म्हनूनच सही देल्ली नाई. जा, सांग तिले."

कांताबाई अंगण ओलांडून गेली आणि सांगून आली. सत्यभामा भाकरी थापत होती. "खोटं बोलून राह्यला म्हना," ती म्हणाली. "त्याच्या सात पिढ्यात कोनाले बारा वर्षाचं दिसलं नाई."

कांताबाई परत आली, पण घरात गेली नाही. अंगणाच्या मधोमध खाली बसली आणि कमरेची किल्ली काढून समोर टाकली.

"पेटी रिकामी झाली," ती म्हणाली. "आता तुमचं तुमी सांगा येकमेकाले. माह्ये पाय दुखते."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. बकरी त्या दिवशी चरायला गेलेली होती. मारोतीनं तोंड उघडलं, मग घसा खाकरून विडी पेटवली. सत्यभामेनं तव्यावरची भाकरी उलटली.